भाडोत्री तलवारीचे मोल

(भंडारदरा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला रतनगड उभा आहे. पावसाळा सरला की त्याच्या माथ्यावरचे नेढे दुरूनही ओळखू येते. अलंग, कुलंग आणि मदन हे त्याचे सोबती. हौशी गिर्यारोहक या गडांवर चढतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. पण या गडांच्या पायथ्याशी आलेल्या अभ्यासकाच्या मनात एक साधा प्रश्न यायला हवा. हे गड राखत कोण होते? कड्याकपारींत, धुवांधार पावसात, महिनोन् महिने जगापासून तुटलेल्या या ठिकाणी पहारा देणारा माणूस कोणाच्या भाकरीवर जगत होता आणि कोणासाठी मरायला तयार होता?

याचे उत्तर इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. गडाच्या परिसरातील कोळी, रामोशी, महार, बेरड अशा समाजांतील माणसे गडाची मेटे आणि घेरा सांभाळीत. त्यांना त्याच भागात जमिनी आणि हक्क लावून दिलेले असत. गड पडला तर त्यांचे घर जाई, शेत जाई, गावातली पत जाई. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी असत. एकाचा दुसऱ्यावर वचक राहावा आणि कोणा एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हवाली होऊ नये, अशी ती योजना होती. शिवछत्रपतींच्या सैन्यातही बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची माणसे घेऊन येई. महाराजांचा कल बारगिरांकडे आणि रोख वेतनाकडे होता, हे सभासदाच्या बखरीपासून सर्व साधने सांगतात. घोडा ज्याचा, त्याचा हुकूम चालतो, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होते.

आजचा विषय खासगी लष्करी कंपन्यांचा आहे. कंत्राट घेऊन युद्ध करणाऱ्या, पहारा देणाऱ्या, दुसऱ्या देशांच्या सैनिकांना शिकवणाऱ्या व्यापारी संस्थांचा. हा विषय इराक, आफ्रिका आणि युक्रेनचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या विषयाचा जितका कडू अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे, तितका फार थोड्या प्रदेशांच्या गाठीशी असेल. म्हणून रतनगडाच्या पायथ्याशीच तीन प्रश्न मनाशी पक्के करून पुढे जावे. शस्त्रधाऱ्याला पगार कोण देतो? हुकूम कोणाचा चालतो? आणि चूक झाली तर तो जाब कोणापुढे देतो?

गारदी : एक शूर, एक खुनी

अठराव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेत फ्रेंच सेनानी बुसीने कवायती पायदळाचे सामर्थ्य दाखवून दिले. रांगेत उभे राहून, हुकुमासरशी एकाच वेळी बंदुका झाडणारी पलटण भरधाव घोडदळालाही रोखू शकते, हे सर्व दरबारांच्या ध्यानात आले. अशी पलटण घडवायला वर्षे लागतात. तयार पलटण मात्र पैसे मोजून लगेच मिळते. येथूनच गारदी मराठी राज्याच्या चाकरीत आले.

निजामाची नोकरी सोडून मराठ्यांकडे आलेला इब्राहिमखान गारदी हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची अक्षरशः कत्तल उडवली. दिवस उलटल्यावर सैन्याची वाताहत झाली, तरी तो जागा सोडून गेला नाही. जखमी अवस्थेत तो शत्रूच्या हाती सापडला आणि तेथेच त्याचा अंत झाला. पगारी होता, परका होता, धर्माने वेगळा होता; तरी खाल्ल्या मिठाला जागला. महाराष्ट्राने त्याचे नाव आदराने घ्यावे, यातच महाराष्ट्राचा मोठेपणा आहे.

यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनीच अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून केला. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या होता. ‘धरावे’ चे ‘मारावे’ कोणी केले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. ती खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. मुद्दा वेगळाच आहे. वाड्याच्या रक्षणासाठी ठेवलेली तलवारच धन्याच्या गळ्यावर चालली, कारण तिला दुसऱ्या कोणी अधिक मोल देऊ केले.

या दोन प्रसंगांतून काय शिकायचे? माणसाच्या जातीवरून, धर्मावरून किंवा जन्मभूमीवरून निष्ठा मोजता येत नाही, हा पहिला धडा. इब्राहिमखानही गारदीच होता. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. जी व्यवस्था एका माणसाच्या इमानावर टांगलेली असते, ती व्यवस्थाच नव्हे. इब्राहिमखान लाभला तर पानिपतावर ढाल मिळते. सुमेरसिंग लाभला तर वाड्यात मृत्यू येतो. राज्य असे नशिबावर सोडता येत नाही.

शिंद्यांचे कंपू आणि १८०३

महादजी शिंदे हे अठराव्या शतकातील सर्वांत दूरदृष्टीच्या मराठा सेनानींपैकी एक. इंग्रजांच्या कवायती फौजेला तशीच फौज हे एकच उत्तर आहे, हे त्यांनी ओळखले. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉय प्रांतातील बेन्वा द बॉइन या सेनानीला चाकरीत घेतले. आरंभ दोन पलटणींनी झाला. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथील लढायांत या पलटणींनी राजपूत फौजांचा पराभव केला. १७९३ मध्ये लाखेरीला त्यांनी होळकरांच्या कवायती पलटणी मोडल्या. मराठ्यांच्या दोन घराण्यांची भाडोत्री पलटणे एकमेकांचे गळे कापत होती, हे विसरून चालणार नाही. पुढे या कंपूंनी उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांचा दरारा बसवला.

बॉइनने पगार वेळेवर मिळेल अशी व्यवस्था मागून घेतली आणि ती त्याला मिळालीही. गंगा-यमुनेच्या दुआबातील मोठा मुलूख फौजेच्या खर्चासाठी त्याच्या ताब्यात आला. अलीगढ हे त्याचे ठाणे झाले. शिपायांना वेळच्या वेळी पैसा मिळू लागला. एका अर्थी उत्तम व्यवस्था; पण या क्षणी काय घडले, हे नीट पाहिले पाहिजे. शिपायाच्या हातात पगार ठेवणारा हात आता शिंद्यांचा राहिला नाही. तो सेनापतीचा झाला. वसुली त्याची, दारूगोळ्याचा कारखाना त्याचा, अधिकाऱ्यांची नेमणूक त्याची. महादजींच्या व्यक्तिमत्त्वाच्या धाकाने हे सारे सुरळीत चालले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला त्यांचे निधन झाले आणि तो धाक संपला. त्यानंतर दोन वर्षांत बॉइन आपली अफाट संपत्ती घेऊन युरोपला परतला आणि त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच सेनानी आला.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले. ज्या जिल्ह्यात आज आपण बसलो आहोत, तेथेच दक्षिणेतील पहिला घाव बसला. आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्टला नगरची पेठ आणि १२ ऑगस्टला नगरचा किल्ला घेतला. उत्तरेत महिन्याच्या अखेरीस जनरल लेक अलीगढवर चालून गेला. पेराँ आपल्या घोडदळासह समोर उभा होता. पण न लढताच मागे हटला. काही दिवसांतच त्याने शिंद्यांची नोकरी सोडली, इंग्रजांकडून सुरक्षित वाट मागून घेतली आणि संपत्तीसह निघून गेला. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. तेव्हा हल्ला करणाऱ्या तुकडीला दरवाजापर्यंत वाट दाखवणारा ल्यूकन हा इंग्रज अधिकारी काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच पगार खात होता.

हा योगायोग नव्हता. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज व इतर युरोपीय अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले होते आणि त्यांच्या उदरनिर्वाहाची हमी दिली होती. म्हणजे तोफेचा पहिला गोळा सुटण्याआधी शत्रूने लिलावात बोली लावली आणि शिंद्यांच्या फौजेचा मेंदू विकत घेतला.

शिपायांनी काय केले? २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर पोलमन या जर्मन सेनानीकडे कंपूची सूत्रे होती. लढाई रंगात असताना तो दिसेनासा झाला आणि पुढे इंग्रजांच्या नोकरीत आढळला. गोलंदाज मात्र तोफांना खेटून उभे राहिले आणि तोफांपाशीच मेले. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशी मेले वा जखमी झाले. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर युरोपीय अधिकारी जवळजवळ उरलेच नव्हते. तरीही पलटणी अशा लढल्या की खुद्द लेकने त्यांच्या शौर्याची स्तुती लिहून पाठवली. त्यांना त्यांचे फ्रेंच अधिकारी लाभले असते तर निकाल संशयास्पद ठरला असता, अशी कबुलीही दिली.

या प्रसंगाचे मर्म येथे आहे. शिपाई कमी पडला नाही. तोफा कमी पडल्या नाहीत. शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोडीच्या होत्या. कमी पडला तो हुकूम देणारा. जी विद्या आपल्या माणसांत मुरवायला हवी होती, ती वीस वर्षे पगार देऊन वापरली गेली. पण आपली झाली नाही. परक्या सेनापतीच्या हाताखाली लढणारे हजारो शिपाई तयार झाले. त्या शिपायांना रणांगणात चालवणारे आपले शंभर अधिकारी तयार झाले नाहीत. यशवंतराव होळकरांना हे कळले होते. १८०४ च्या युद्धाच्या तोंडावर कंपनीविरुद्ध लढण्यास तयार नसलेल्या आपल्याच तीन इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांनी देहदंड दिला. पण तोवर वेळ निघून गेली होती.

एका व्यापारी कंपनीने जिंकलेला देश

खासगी लष्करी कंपनी ही एकविसाव्या शतकाची निर्मिती आहे, असे मानणाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे पाहावे. भागधारक, संचालक मंडळ, ताळेबंद आणि लाभांश असलेली ही व्यापारी संस्था. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या पदरी सुमारे दोन लाखांची फौज होती. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावध केले होते. हे व्यापारी असले तरी त्यांच्यामागे त्यांची राज्ये आहेत, त्यांना किनाऱ्यावर बळकट जागा देऊ नये, असा त्याचा आशय होता. त्यानंतर ऐंशीपेक्षा अधिक वर्षे उलटली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली.

हा तह आजच्या भाषेत वाचून पाहावा. पेशव्याच्या संरक्षणासाठी कंपनी आपल्या किमान सहा हजार पायदळाची फौज पुरवणार. त्या बदल्यात पेशवा वर्षाला २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देणार. हे संरक्षणाचे कंत्राट आहे. तैनाती फौज हा शब्द आपण शाळेत पाठ करतो. पण राजाने स्वतःच्या रक्षणाचे काम एका परदेशी कंपनीला मक्त्याने दिले, असा त्याचा सरळ अर्थ कोणी सांगत नाही. पंधरा वर्षांनी, १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईनंतर ज्या फौजेने येऊन पुणे घेतले, ती हीच पुण्याची तैनाती फौज होती. जिच्या खर्चासाठी पेशवाईने मुलूख दिला, तिनेच पेशवाई संपवली. मक्तेदार धन्याच्या छातीवर बसला, तेव्हा धन्याजवळ त्याला बाजूला सारण्याइतके स्वतःचे बळ उरले नव्हते.

१८५८ मध्ये ब्रिटिश संसदेने कंपनीचे राज्य काढून घेतले. व्यापारी संस्थेच्या हाती अनिर्बंध शस्त्रबळ ठेवता येत नाही, हे १८५७ च्या रक्तपातानंतर ब्रिटनलाही उमगले होते.

नवी नावे, जुनाच व्यवहार

शीतयुद्ध संपल्यावर मोठमोठ्या सैन्यांतून लक्षावधी प्रशिक्षित माणसे बाहेर पडली. शस्त्रे स्वस्त झाली. आफ्रिकेतील दुबळी सरकारे बंडखोरांपुढे कोलमडू लागली. या बाजारात दक्षिण आफ्रिकेतील माजी सैनिकांची ‘एक्झिक्युटिव्ह आऊटकम्स’ ही कंपनी पुढे आली. अंगोलात आणि १९९५ पासून सिएरा लिओनमध्ये तिने काही शे माणसांच्या बळावर बंडखोरांना मागे रेटले, हिऱ्यांच्या खाणींचा प्रदेश मोकळा केला. काम चोख होते, हे मान्य करायला हवे. १९९७ च्या आरंभी कंत्राट संपले, कंपनी गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तेथील सरकार उलथले. कंपनीने लढाई जिंकली होती. सैन्य उभे केले नव्हते. दुखण्यावर लेप लागला होता. रोग तसाच होता.

त्यानंतर इराक. २००३ च्या युद्धानंतर अमेरिकेने रसद, वाहतूक, स्वयंपाक, दुरुस्ती, पहारा अशी असंख्य कामे कंत्राटदारांकडे सोपवली. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सैन्याला धान्य पुरवणारा वंजाऱ्यांचा तांडा आपल्याकडेही होता आणि त्याच्यावाचून ना मोगलांची मोहीम चालली, ना मराठ्यांची. धान्याची गोणी वाहणाऱ्याला कोणी भाडोत्री योद्धा म्हणत नाही. प्रश्न सुरू होतो तो कंत्राटदाराच्या हाती बंदूक येते आणि चाप ओढण्याचा निर्णय त्याच्याकडे जातो तेव्हा.

१६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ‘ब्लॅकवॉटर’ या अमेरिकी कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार केला आणि १७ इराकी नागरिक प्राणास मुकले. जाब कोणापुढे द्यायचा? २००४ मध्ये ताबेदार प्रशासनाने काढलेल्या आदेशानुसार इराकी न्यायालयांना या कंत्राटदारांवर अधिकारच नव्हता. अमेरिकी सैन्याचे ते सैनिक नव्हते. सात वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतील न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्या चौघांना माफी दिली. ज्यांची मुले त्या चौकात गेली, त्यांच्या दृष्टीने न्यायाचे वर्तुळ असे पूर्ण झाले.

राज्यकर्त्यांना ही व्यवस्था का आवडते, याचे उत्तरही येथेच आहे. सैनिक धारातीर्थी पडला की तिरंग्यासारखाच त्या त्या देशाचा ध्वज शवपेटीवर येतो, संसदेत प्रश्न विचारला जातो, गाव जमते. कंत्राटदार मेला की फक्त एक कंत्राट संपते. शिवाय हात झटकता येतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सीरियात अमेरिकी हल्ल्यात रशियन भाडोत्री योद्धे मोठ्या संख्येने मारले गेले. आपले सैन्य तेथे नव्हतेच, असे रशियाने शांतपणे सांगितले. युद्ध आपले, मृत्यू मात्र कोणाचाच नाही!

‘वॅग्नर’ ही याची परिसीमा. रशियाच्या कायद्यात अशा कंपन्यांना स्थान नव्हते. तरीही २०१४ पासून युक्रेन, सीरिया, मध्य आफ्रिका प्रजासत्ताक, माली अशा देशांत ती वावरत होती. आफ्रिकेत सोन्याच्या खाणींशी तिचे हितसंबंध जोडले गेले होते. दुआबाची वसुली सेनापतीच्या हाती देणारी शिंद्यांची व्यवस्था येथे आठवावी. २०२२ मध्ये तुरुंगांतील कैद्यांना माफीचे आमिष दाखवून बाखमुतच्या आघाडीवर पाठवण्यात आले. आणि मग २३ जून २०२३ च्या रात्री कंपनीचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन आपल्याच देशाच्या संरक्षण खात्याविरुद्ध उठला. रोस्तोव येथील लष्करी मुख्यालय त्याच्या माणसांनी ताब्यात घेतले आणि रणगाडे मॉस्कोच्या दिशेने निघाले. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या महासत्तेची राजधानी एका कंत्राटदाराच्या धास्तीने एक दिवस श्वास रोखून होती. मध्यस्थीने तो माघारी वळला आणि दोन महिन्यांनी, २३ ऑगस्टला, विमान कोसळून मृत्यू पावला. बंड शमल्यानंतर राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनीच सांगितले की वर्षभरात सरकारी तिजोरीतून या कंपनीच्या माणसांवर सुमारे ८६ अब्ज रूबल खर्च झाले होते. तिजोरी राज्याची, हुकूम कंत्राटदाराचा. शनिवारवाड्यातील गारद्यांची गोष्ट अडीचशे वर्षांनी रशियात घडली.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत अजून चाचपडतो आहे. १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी मसुद्याने भाडोत्री योद्ध्याला युद्धकैद्याचा हक्क नाकारला. पण भाडोत्री कोण, याची व्याख्या इतकी अरुंद केली की तिच्यात कोणी सहसा सापडत नाही. २००८ चा मॉन्त्रो दस्तऐवज चांगल्या वर्तनाची सूची देतो. बंधन घालत नाही. शस्त्राचा बाजार वेगाने धावतो, कायदा मागून चालतो.

आपल्या उंबऱ्याशी

हे सारे दूर देशी घडते, असे म्हणून निश्चिंत होता येणार नाही. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी तमिळनाडूच्या तुतिकोरिनजवळ आपल्या तटरक्षक दलाने ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज अडवले. ध्वज सिएरा लिओनचा, मालकी अमेरिकी कंपनीची, आत ३५ माणसे. त्यांत ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनियन आणि भारतीयही. सोमाली चाच्यांपासून व्यापारी जहाजांना वाचवणारे सशस्त्र रक्षक पुरवणारे हे तरंगते शस्त्रागार होते. २०१६ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पण आपल्या किनाऱ्याजवळ रायफली बाळगणारी खासगी फौज नेमकी कोणत्या कायद्याखाली येते, हे ठरवायला चार वर्षे लागली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुसरे उदाहरण तर थेट सामान्य घरांतले आहे. २०२३ पासून भारतातील अनेक तरुणांना रशियात मदतनीस, पहारेकरी अशा नोकरीचे आमिष दाखवून नेण्यात आले. समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून, दलालाला लाखो रुपये देऊन ही मुले गेली. तेथे न समजणाऱ्या भाषेतील करारावर सह्या झाल्या आणि काही आठवड्यांत ती युक्रेनच्या आघाडीवर होती. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने या दलालांच्या जाळ्यावर छापे घातले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्को भेटीत हा विषय काढला. १७ जानेवारी २०२५ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने दिलेली माहिती अशी : एकूण १२६ भारतीयांची प्रकरणे, ९६ परतले, १२ मृत्युमुखी पडले, १६ जणांचा ठावठिकाणा नाही.

बारा घरे. सोळा उंबरे, जेथे दाराकडे डोळे लावून कोणी बसले आहे. या मुलांना भाडोत्री म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्या घरचे कर्ज, त्यांची बेकारी आणि त्यांचे भाबडेपण यांचा तो सौदा होता. ती परकीय सैन्यात ओढली गेली, तरी व्यवहार तोच. रक्त आपले, युद्ध परक्याचे आणि दलाली तिसऱ्याची.

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाची १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. ती आहे की नाही, हे पडताळून पाहता येते. करार आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागता येतो. ज्या नोकरीचे ठिकाण युद्धभूमीजवळ आहे आणि ज्या जाहिरातीत पगार मोठा पण काम अस्पष्ट आहे, तिच्यापासून मुलाला परावृत्त करता येते. गावातील एका शिक्षकाने, एका निवृत्त जवानाने वेळेवर विचारलेला एक प्रश्न एक जीव वाचवू शकतो.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत शहाणपणाने वागला आहे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याने रक्षकांना सैन्याच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा गणवेश घालण्यास मनाई केली आहे. परदेशात सेवा देण्यासाठी परवानगीची आणि केंद्र सरकारच्या सल्ल्याची अट घातली आहे. बँकेच्या दाराशी उभा असलेला, बहुधा निवृत्त सैनिक असलेला रक्षक आपल्या आदराचाच धनी आहे. रेषा आखायची आहे ती पहारा आणि युद्ध यांच्यामध्ये.

आणि पगार घेतो म्हणून सैनिक भाडोत्री ठरतो, असा कुतर्क कोणी केला तर त्यालाही उत्तर दिले पाहिजे. पगार महाराजांचा बारगीरही घेत होता. मुदतीची नोकरी अल्पमुदतीचा अधिकारीही करतो. फरक त्या तीन प्रश्नांत आहे. भारतीय जवानाला पगार राष्ट्राच्या तिजोरीतून मिळतो, त्याच्यावर हुकूम संविधानाला बांधलेल्या सरकारचा चालतो आणि तो चुकला तर लष्करी न्यायालय त्याला जाब विचारते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे मूळ १७६८ मध्ये कंपनीने उभारलेल्या पलटणीत आहे. तीच पलटण आज शिवछत्रपतींच्या जयघोषाने शत्रूवर तुटून पडते. माणसे त्याच मातीची. धनी बदलला, हुकूम आपला झाला आणि पलटणीचा अर्थच बदलला.

गड कोणाचा?

शेवटी पुन्हा याच डोंगरांकडे येऊ. १८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरच्या शिबंद्या मोडल्या. पिढ्यान् पिढ्या गड राखणारी माणसे एका फटक्यात निरुपयोगी ठरली. रामोशी आणि कोळ्यांची बंडे त्यातूनच पेटली. याच अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे उठले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढे १८५७ मध्ये गरज पडताच इंग्रजांनी नगर भागातील कोळ्यांचीच एक पलटण उभी केली. डोंगर त्यांच्या पायाखालचे होते, म्हणून त्यांना बोलावले. काम झाले आणि १८६१ मध्ये ती पलटण मोडून माणसांना घरी पाठवले. भाड्याच्या तलवारीचे मोल असे असते. तलवारीची गरज असते, तोवर तिला धार लावली जाते. नंतर ती अडगळीत जाते.

राघोजींना कोणी कंत्राट दिले नव्हते. त्यांच्या मागे तिजोरी नव्हती, कारखाना नव्हता, फ्रेंच सेनापती नव्हता. रतनगडाच्या घेऱ्यातील माणूस पिढ्यान् पिढ्या ज्या कारणासाठी उभा राहिला, त्याच कारणासाठी ते उभे राहिले. हा डोंगर आपला आहे, एवढेच ते कारण.

राष्ट्राला आधुनिक शस्त्रे लागतात, यंत्रज्ञ लागतात, कारखानदार लागतात. कंत्राटेही द्यावी लागतात. पण कोणती विद्या विकत घ्यायची आणि कोणती स्वतःच्या माणसांत मुरवायची, हे ओळखण्यात राज्याचे शहाणपण असते. महादजींनी पहिले केले. दुसरे करायला त्यांना आयुष्य पुरले नाही आणि त्यांच्यानंतर कोणी ते केले नाही. त्या अपुऱ्या कामाची किंमत देशाने पुढे दीडशे वर्षे मोजली. तोफ विकत मिळते. तोफेपाशी उभे राहून मरणारा माणूसही, असईने दाखवले तसे, आपल्याकडे कधी कमी नव्हता. त्याला हुकूम देणारा आपला हवा आणि त्या हुकुमाचा जाब आपल्याला विचारता यायला हवा. रतनगडाच्या पायथ्याहून परतताना एवढे मनाशी बांधून न्यावे.